हलगी शेकावी, चप्पल नाही

पोळ्याच्या मिरवणुकीत पावसाची सर आली, की धाराशिवकडच्या गावांत एक दृश्य हमखास दिसतं. हलगीवाला आडोशाला बसतो, चिपाडं नाहीतर जुने कागद पेटवतो आणि त्या जाळावर हलगी फिरवत राहतो. मधेच बोटाने टिचकी मारून बघतो. आधी ‘ढब ढब’ असा ओला, बसका आवाज येतो. दोन-चार मिनिटांत कातडं ताणतं आणि आवाज कडाडायला लागतो. हे बघत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की कातडं भिजलं तर शेकायचं. मग एक दिवस त्याची कोल्हापुरी भिजते आणि तो ती चुलीजवळ नेऊन ठेवतो.

मीही ठेवली होती. रात्री परड्यातून चिखल तुडवत आलो आणि जोड चुलीच्या वैलाला टेकवून झोपलो. सकाळी पाहतो तर दोन्ही तळ भाजलेल्या पापडासारखे वळलेले, अंगठा आखडलेला, पट्टा बोटाने दाबला की करकर वाजणारा. एरंडेल चोळलं, पुन्हा ओली करून विटेखाली दाबली, पण गेलेला आकार आला नाही. सातशे रुपयांचा जोड एका रात्रीत गेला. जळणाचा खर्च वेगळा.

दोन्ही कातडीच, पण जात वेगळी. हलगीवर बहुधा शेळीचं कातडं असतं आणि ते कच्चं असतं, म्हणजे केस काढून, ताणून वाळवलेलं, न कमावलेलं. आपली काळी उस्मानाबादी शेळी मांसासाठी आणि कातडीसाठीही नावाजलेली आहे, तेव्हा हे कातडं आपल्याकडे काही परकं नाही. कच्चं कातडं उष्णतेनं आखडतं, पण कड्यावर चहूबाजूंनी बांधलेलं असल्यामुळे त्याला आखडायला जागा मिळत नाही. ते फक्त ताणतं, आणि तेच वादकाला हवं असतं. चपलेचं चामडं मात्र कमावलेलं असतं. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवतात. शहरी बूट, पाकिटं, पट्टे बहुतेक क्रोमच्या क्षारांत कमावलेले असतात. कमावताना चामड्याच्या तंतूंमध्ये तेल मुरवलेलं असतं आणि त्याच्यामुळेच चामडं वाकतं, वळतं. ओलं चामडं झपाट्यानं तापवलं की पाणी बाहेर येताना तेलालाही पृष्ठभागाकडे ओढून आणतं. मागे उरलेले तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं कडक होतं. त्याहून तापलं तर तंतूच आकसतात. साल-हिरड्यात कमावलेलं ओलं चामडं साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं. क्रोमचं शंभराच्या आसपासपर्यंत टिकतं, कच्चं कातडं मात्र साठ-पासष्टलाच हात टेकतं. हे आकडे भिजलेल्या चामड्याचे आहेत. कोरडं चामडं जास्त सोसतं, म्हणून ‘उन्हात तर रोज घालून फिरतो, काही होत नाही’ हा युक्तिवाद भिजलेल्या जोड्याला लागू पडत नाही.

आता खर्चाचं बोलू. वाळवायला जवळजवळ काहीच लागत नाही. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा धरा. तो रात्रभर, दहा तास चालला तर पाऊण युनिट वीज जाते. युनिटला सगळं धरून दहा रुपये लावले, तर साडेसात रुपये. तीन रात्रींचे बावीस-तेवीस. केस वाळवायचं यंत्र बाराशे वॅटचं असेल तर अर्ध्या तासात सहा रुपयांची वीज खातं. म्हणजे विजेच्या बिलात फरक नाहीच. फरक नंतर कळतो, जोड दुरुस्तीला नेल्यावर. गरम हवेनं बुटाचं चामडं तडकतंच, शिवाय सोल ज्या सोल्युशनने चिकटवलेला असतो तेही नरम पडून सुटतं. पेस्टिंगचे साठ ते शंभर, नवा सोल बसवायचा तर अडीचशे ते चारशे. हे दर मी अलीकडे मोजलेले किंवा विचारलेले, साधारण अंदाजाचे. गावागणिक आणि सोलच्या मालागणिक फरक पडेल. तडकलेल्या वरच्या चामड्याला मात्र कोणताच दर नाही, कारण त्याला उपायच नाही.

आधी एक खात्री करा, की ते चामडंच आहे. रेक्झिन आणि पीयूचे बूट आत कापड असलेले असतात, ते वाळवण्याची रीत वेगळी आणि सोपी. बुटाच्या आत किंवा तळाला छापलेली खूण बघा. पसरलेल्या कातड्याच्या आकाराची आकृती म्हणजे चामडं, चौकटच्या पत्त्यासारखी आकृती म्हणजे इतर माल, विणलेली जाळी म्हणजे कापड. कातड्याच्या आकृतीत छोटी चौकट असेल तर चामड्यावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला आहे असं समजा. खूण नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. चामडं तो हळूहळू पिऊन काळपट होतं. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर वर थर आहे किंवा ते चामडं नाही. पेटवून वास घेण्याची पद्धत अजून काही जण सांगतात. करू नका.

भिजलेला बूट घरी आला की पहिलं काम वाळवण्याचं नसून धुण्याचं असतं, हे लोकांना पटत नाही. काळ्या मातीचा चिखल चामड्यावर वाळू दिला तर तो घट्ट धरतो आणि निघताना पृष्ठभाग खरवडतो. ओला असतानाच साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून काढा. कपडे धुण्याची पावडर नको, ती चामड्याला मानवत नाही. लागलाच तर अंगाला लावायच्या सौम्य साबणाचा थोडा फेस. नाड्या काढा, आतला सुटा तळवा काढून वेगळा ठेवा, जीभ बाहेर ओढून बूट जितका उघडेल तितका उघडा. बाहेरचं पाणी फडक्यानं दाबून टिपून घ्या, घासू नका. मग आत रद्दी कोंबा. रद्दी किलोला दहा-पंधरा रुपयांनी जाते, दोन जोड बुटांना एका दिवसाचा पेपर पुरतो. कागद चुरगाळून टाचेपासून बोटांपर्यंत भरायचा, पण ठासून नाही, नाहीतर बूट फुगतो. पहिल्या दोन तासांत तो ओलाचिंब होतो. तेव्हा तो बदलायचा. या पायरीवर आळस केला तर रद्दी वाळवण्याऐवजी ओल धरून बसते. पुढे सकाळ-संध्याकाळ बदलली तरी चालते. आतलं अस्तर पांढरं किंवा बदामी असेल तर पेपरची शाई लागते, तिथे जुनं सुती धोतर किंवा पांढरा कागद वापरा. बूट आडवे, एका कडेवर ठेवा, तळाला हवा लागली पाहिजे. पंख्याखाली, सावलीत, भिंतीपासून थोडे लांब.

तांदळाच्या डब्यात बूट ठेवावा असं कुठेतरी वाचलेलं मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. तांदूळ हवेतून ओल फार सावकाश ओढतो. पंख्याचा वारा त्याहून चांगलं काम करतो, आणि घरात बुटाचा वास लागलेला तांदूळ कुणी शिजवायचा हा प्रश्नही उरत नाही.

वाळलं हे कसं ओळखायचं? वरून कोरडा वाटणारा बूट आत ओला असतो. बोटांच्या जागेत हाताची उलटी बाजू लावा, गार लागलं तर अजून पाणी आहे. याहून पक्की खूण वजनाची. स्वयंपाकघरातला तीन-चारशे रुपयांचा काटा घरात असेल तर बूट पिशवीत घालून दोन दिवस सकाळी मोजा. दोन्ही सकाळचं वजन तेच आलं तर वाळला. पावसाळ्यात साध्या चपलेला दीड-दोन दिवस, बुटाला तीन दिवस, पोलिसांच्या किंवा कारखान्यातल्या जाड बुटाला चार-पाच दिवस लागतात. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात याच्या निम्मे. म्हणून ज्याला रोज चामड्याचा बूट घालावा लागतो त्याच्याकडे पावसाळ्यात दुसरा जोड असावा. हा खर्च खरा, पण दोन जोड आलटून पालटून वापरले की दोन्ही जास्त टिकतात, हेही खरं.

कोल्हापुरीचं थोडं वेगळं. चांगल्या कोल्हापुरीत खिळा नसतो, सुती दोरा नसतो, चामड्याच्या वादीनं शिवण असते. तळाचे थर भिजले की प्रत्येक थर आपल्या गतीनं वाळतो आणि तळ वळतो. स्वस्त जोडात दोन चामड्यांच्या मधे पुठ्ठा भरलेला असतो, तो फुगतो आणि कधीच पुन्हा बसत नाही. तो पुठ्ठा ओळखायचा तर तळाच्या कडेकडे बघा. थरांच्या मधे मळकट करडी, तंतू सुटलेली रेघ दिसली तर तो कागद आहे. अशा जोडाला पावसात घालणंच चूक. चांगला जोड भिजला तर टिपून सावलीत उभा ठेवा, अर्धा वाळला की सपाट फळीवर पालथा घालून वर फडक्यात गुंडाळलेली वीट ठेवा. रात्रभर दाब मिळाला की तळ सरळ राहतो. ‘कोल्हापुरी’ या नावाला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूरपर्यंत ती हद्द आली आहे. बाजारात त्या नावाने विकलं जाणारं सगळंच तसं नसतं, आणि पाण्यात पडल्यावर फरक चटकन कळतो.

वाळल्यावर तेल, आधी नाही. ओल्या चामड्यावर भरपूर तेल थापलं की पाणी आतच कोंडतं. शेवटची किंचित ओल असताना हलका हात दिला तर चालतो. तेल कोणतं, यावर घरोघरी मतं आहेत. जवसाच्या तेलाचा हवेवर वाळून कडक पापुद्रा होतो, म्हणून ते लाकडाला बरं, चामड्याला नाही. करडईचंही बऱ्याच अंशी तसंच. खोबरेल थंडीत गोठतं आणि चामड्यावर पांढरट थर येतो. एरंडेल वाळत नाही, त्यामुळे साध्या वहाणेला तेच बरं. शंभर मिलिलिटरची बाटली पन्नास-ऐंशी रुपयांत मिळते आणि वर्षभर पुरते. चमकदार बुटाला मात्र तेल नको, त्याला चामड्याचं क्रीम किंवा मेणाचं पॉलिश. अडीचशे-तीनशेचं क्रीम चांगल्या पाकिटावर, पट्ट्यावर, पिशवीवरही चालतं.

पाकीट भिजलं तर आधी नोटा, कार्डं, फोटो काढा. कप्पे उघडे ठेवून पुस्तकासारखं उभं करा, कप्प्यांत टिपकागदाचे तुकडे सरकवा. पट्टा टांगून वाळवू नका, पाण्याच्या वजनानं लांबतो. सपाट ठेवा. स्वेडच्या बुटाला फक्त टिपणं आणि पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रश. बैलाच्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा पोळ्याला बैल धुताना भिजतो आणि मग माळ तशीच खुंटीला अडकवून पुढच्या पोळ्यापर्यंत विसरली जाते. घुंगरांच्या तारेभोवती चामडं आधी कुजतं. माळ सोडून पुसा, सावलीत वाळवा, एरंडेलाचा हात फिरवा. नवीन माळेची किंमत घुंगरांवर ठरते, पण बदलावा लागतो तो पट्टा.

पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परंडा तालुक्यात घरात पाणी शिरलं, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. अशा पाण्यात गटार, जनावरांची घाण, शेतातली फवारणी असं सगळं मिसळलेलं असतं. त्यात दिवस-दोन दिवस बुडालेला बूट आधी भरपूर स्वच्छ पाण्यानं आतून-बाहेरून धुवा, हातमोजे घालून. आतला तळवा फेकून द्या, नवा साठ-सत्तर रुपयांत मिळतो. लहान मुलांचे चामड्याचे बूट असे भिजले तर मी तरी ते वाचवायच्या नादी लागणार नाही. धुण्या-वाळवण्याचे श्रम, वर बुरशी, वर त्या पायाची काळजी. पंचनाम्याच्या काळात आधी फोटो काढा, मगच फेका.

दुरुस्तीला न्यायचं तर पूर्ण वाळवूनच. एकदा ओलाच बूट घेऊन गेलो होतो. ‘‘मामा, सोल सुटलाय, किती घेता?’’ असं विचारलं. त्यांनी बूट हातात घेऊन अंगठ्यानं दाबला आणि परत दिला. ‘‘आज न्हाई. वलं हाय. आज चिकटवलं तर चार दिसानं पुन्हा माझ्याकडंच येताव, अन् मग मलाच बोलताव.’’ पेस्टिंग ओल्यावर धरत नाही आणि ओल्या चामड्यातला टाका वाळल्यावर ढिला पडतो. खरा कारागीर स्वतःहून पैसे नाकारतो, यावरून तो ओळखायचा. शिवणीचे वीस-तीस, पट्टा बदलायचे पन्नास-साठ घेणाऱ्या माणसाशी पाच रुपयांची घासाघीस करू नये असं मला वाटतं. रस्त्याकडेला जे पत्र्याचे छोटे स्टॉल दिसतात, त्यांतले बरेच समाजकल्याण विभागाच्या गटई कामगार योजनेतून शंभर टक्के अनुदानावर मिळालेले असतात. तिथं बसणाऱ्याच्या डोक्यावर निदान पत्रा आला, पण भाव काही त्यामुळे वाढलेले नाहीत.

नवा घ्यावा की जुना सावरावा, याचा माझा हिशेब साधा आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या जोडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होत असेल आणि वरचं चामडं तडकलेलं असेल, तर नवा. वरचं चामडं शाबूत असेल तर सोल दोनदा बदलला तरी परवडतं. नवा घेताना लक्षात ठेवा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलात की १८ टक्के. दोन हजार चारशेच्या जोडाऐवजी दोन हजार सहाशेचा उचलला, तर फरक फक्त दोनशेचा राहत नाही. पक्कं बिल घ्या, पावसात महिन्याभरात सोल सुटला तर तेच कामाला येतं.

चामड्याचं जाकीट, मोठी पिशवी किंवा सोफ्याचं आच्छादन मात्र घरी खेळायची वस्तू नाही. असं काम करणारे ड्रायक्लीनर धाराशिवमध्ये शोधावे लागतात, बरेच जण माल सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याला पाठवतात. जाकिटाला हजाराच्या आसपास किंवा वर मोजायची तयारी ठेवा आणि देण्याआधी तीन गोष्टी विचारा. काम इथेच होतं की बाहेर जातं, चामड्याला कोणती प्रक्रिया करतात, आणि बिघडलं तर काय. पावतीवर आधीचे डाग, फाटलेलं अस्तर लिहून घ्या आणि समोरच फोटो काढा. ‘बिघाडास आम्ही जबाबदार नाही’ असं पावतीवर छापलं म्हणजे दुकानदार सुटला असं होत नाही. निष्काळजीपणा दाखवता आला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीचं शुल्कच नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, बऱ्याच वेळा तिथेच मिटतं.

उरली बुरशी. पावसाळ्यात कपाट उघडलं की बुटावर हिरवट-पांढरी भुरी दिसते. आधी ती खरंच बुरशी आहे का ते बघा. चामड्यातली चरबीच कधी वर येऊन पांढरा थर धरते. हाताच्या उबेनं किंवा कोमट फडक्यानं तो थर विरघळला तर ती चरबी, पुसून टाका, झालं. केसाळ, ठिपक्याठिपक्यांची, कुबट वासाची असेल तर बुरशी. बूट अंगणात न्या, तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशने झाडा. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी सारखं मिसळून फडक्यानं पुसा, पण आधी कोपऱ्यात तपासा, रंग सुटतो का ते. स्पिरिटची छोटी बाटली पन्नास-साठ रुपयांची. ब्लीच कधीच नाही. डांबरगोळ्यांनी कीड पळते, बुरशी नाही. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, किलोभर तीन-चारशेला मिळतात आणि ओल्या झाल्या की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. रंग बदलणारे निळे दाणे मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो.

आपल्याकडे बुरशीचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे नवरात्र. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पायात काही न घालण्याचं व्रत घरटी एखादा तरी करतो. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची, कोजागरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांची तर गणतीच नाही. त्या दिवसांत चपला माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या कोनाड्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवल्या जातात. भाद्रपदातल्या पावसाची ओल त्यांच्यात असतेच. नऊ दिवसांनी पिशवी उघडली की हिरव्या मखमलीचा जोड हाती येतो. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस चपला पंख्याखाली ठेवा, एरंडेलाचा पुसटसा हात द्या, आत कागद घाला आणि जुन्या सुती उशीच्या खोळीत घालून मोकळ्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिक नको. दसऱ्याला सोनं वाटायला निघताना खोळ उघडा, कागद काढा, आणि घालण्याआधी बोटांच्या जागेत एकदा हात लावून बघा, गार तर लागत नाही ना.